अळणी थर

"वहिनी, मीठ तू घाल ना."

शलाका, माझी नणंद, असं म्हणाली आणि तिनं मिठाची बरणी माझ्यासमोर सरकवली. तिला माहेरी येऊन तीन आठवडे झाले होते आणि या तीन आठवड्यांत माझं स्वयंपाकघर तिनं जवळजवळ ताब्यातच घेतलं होतं. भाज्या चिरायची, पोळ्या लाटायची, माझ्या हातातली कामं काढून घ्यायची. पण आमटी असो की साधी काकडीची कोशिंबीर, मीठ घालायची वेळ आली की बाई बाजूला. खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. पहिल्या आठवड्यात मी थट्टाही केली होती, की तुझ्या परागरावांनी ठाण्याला मिठासाठी वेगळा माणूस ठेवलाय का गं? ती हसली नाही. मीही विषय सोडला. म्हटलं, असते एकेकाला एकेक खोड.

त्या दिवशी मात्र मी ऐकलं नाही. बरणी परत तिच्याकडे सरकवली.

"आज पदार्थ तुझा, मीठही तुझंच," मी म्हटलं.

तो दिवस कांदेनवमीचा होता. दोन दिवसांनी एकादशी, चातुर्मास लागणार आणि आमच्याकडे चार महिने कांदा-लसूण बंद होणार. म्हणून नवमीला मनसोक्त कांदा खाऊन घ्यायचा, ही आम्हा मुतालिकांच्या घरातली जुनी रीत. साताऱ्यात तशी ती पुष्कळ घरांत होती, पण आमच्याकडे तिला एक शेपूट जोडलेलं होतं. जेवणाच्या शेवटी प्रत्येकानं सांगायचं, की कांद्या-लसणाबरोबर चार महिने आपण आणखी काय सोडणार. माझा नवरा उदय दरवर्षी चहा सोडायचा आणि एकादशी संपताच बारशीला सकाळी स्वतःच आधण ठेवायचा. मी साखर सोडायचे, तीही तशीच. खरा नेम पाळायचे ते एकटे अप्पा. माझे सासरे. एकदा सोडलं म्हणाले की सोडलं.

त्या वर्षी कांदेनवमीला जावई येणार होते. शलाकाला न्यायला.

त्यांचा फोन आला तेव्हा अप्पांचा चेहरा किती मोकळा झाला, ते मी पाहिलं होतं. परागराव बोलायला फार गोड. माझंही काही चुकलं असेल अप्पा, असं ते आपणहून म्हणाले. घ्यायला येतो म्हणाले. आणि शलाकाला फोन द्यायला सांगून तिला म्हणाले, तुझं ते थरांचं मेक्सिकन कर, आमच्या साहेबांना आवडलं होतं ते. शलाका फोनवर फक्त "हो" म्हणाली. तेव्हापासून तिच्या तोंडात नीट घास जात नव्हता.

रात्री जेवणं झाली की अप्पा आपलं मत सांगणार होते आणि सकाळच्या गाडीनं शलाका ठाण्याला जाणार की नाही, ते ठरणार होतं. ठरणार कसलं, ठरल्यातच जमा होतं. अप्पांचा सगळा जन्म कोर्टात नाझर म्हणून गेलेला. पुराव्याशिवाय कुणाविषयी वाईट बोलायचं नाही आणि ऐकायचंही नाही. संक्रांतीलाही शलाका अशीच आली होती आणि परत जायचं नावच काढत नव्हती. तेव्हा अप्पांनी तिला समोर बसवून विचारलं होतं. पितात का? नाही. मारतात का? तिनं मान हलवली, नाही. मग काय झालंय? काही नाही. काही नाही म्हटल्यावर अप्पा तरी काय करणार? त्यांनी स्वतः जाऊन तिला गाडीत बसवून दिलं. जाताना ती खिडकीतून हात हलवत होती.

या वेळीही तेच. काही नाही आणि काही नाही. दुपारी राजमा शिजत असताना मी तिला पुन्हा खोदून विचारलं. म्हटलं, बोल गं बाई, अजून वेळ आहे. तू बोललीस तर मी उदयला घेऊन अप्पांपुढे उभी राहीन.

"सांगण्यासारखं मोठं काही नाहीच, वहिनी," ती म्हणाली. "सांगायला गेलं तर लोक हसतील."

आणि ती कांदे सोलायला बसली.

पदार्थ तसा अवघड नव्हता. कॅसरोल म्हणतात असं ती म्हणाली. आमच्या घरात कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा, त्यामुळे मी आधी तो डबाच घासून आणला होता. खरं म्हणजे काचेच्या खोलगट भांड्यात मक्याच्या आणि गव्हाच्या मिसळीच्या पोळ्या पसरायच्या. त्यावर चेचलेला राजमा, मग पुन्हा पोळ्या, मग परतलेला कांदा, मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची, मग टोमॅटोचा घट्ट रस, आणि असं करत वर चीज किसून सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. कांदेनवमीचं म्हणून आम्ही कांदा दुप्पट घेतला होता. हे सगळं करताना शलाका माप बोलून दाखवत होती. जिरेपूड एवढी, तिखट तेवढं. मग पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेच्या आधी पोरी वर्गाबाहेर पुटपुटतात, तसं.

राजमा झाला, मका झाला, टोमॅटोचा रस आटला. कशातच मीठ नव्हतं. शेवटी सगळ्यात एकदमच घालते, म्हणत ती ते पुढे ढकलत राहिली. आणि आता तीन पातेली तिच्यासमोर होती, हातात बरणी होती, आणि चमचा बरणीच्या तोंडाशीच अडला होता.

"थोडं थोडं घाल," मी म्हटलं. "बिघडून बिघडून काय बिघडणार?"

"चाखून बघू का जरा?"

"अगं, अप्पा!"

आमच्या घरात शिजत असलेलं अन्न चाखायचं नाही, उष्टं होतं. माझ्या सासूबाईंचा हा नियम. त्या जाऊन सहा वर्षं झाली होती, पण अप्पांनी तो तसाच चालवला होता. पहिला घास अप्पांचा, मग बाकीच्यांचा. माझ्या हाताला इतक्या वर्षांत अंदाज आला होता. शलाकाचा हातही याच घरात तयार झालेला, लग्नाआधी तर तिच्या आमटीचं अप्पा कौतुक करायचे. तो अंदाज कुठे गेला, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात लाइट गेले.

त्या काळी साताऱ्यात भारनियमन होतं आणि त्याचं वेळापत्रक दर महिन्याला बदलायचं. आमचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन विजेवरचा. परागराव यायला फार तर तासभर होता. शलाका मटकन खाली बसली. "आता काय करायचं? आता काय करायचं?" एवढंच म्हणत होती. ओव्हन बंद पडला म्हणून कुणी इतकं घाबरतं का, असं मला वाटलं, आणि त्याच वेळी तिची भीती माझ्याही अंगात शिरली. त्यांनी आवर्जून मागितलेला पदार्थ, तो झाला नाही तर उद्या गाडीत, परवा घरी, तिला काय काय ऐकावं लागेल कोण जाणे. मी तिला उठवलं. केक करतात तसा कुकरमध्ये करू, म्हटलं. मोठा कुकर काढला, झाकणाची शिटी आणि रबर काढून ठेवलं. तळाला मीठ पसरावं लागतं. शलाकाच्या हातातून बरणी घेतली आणि सगळीच्या सगळी कुकरमध्ये उलटी केली. तेवढ्यानं भागेना, म्हणून लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठही वर ओतलं. त्यावर जाळी ठेवली. मग मेणबत्तीच्या उजेडात दोघींनी भराभर थर लावले. पोळी, राजमा, पोळी, मका, रस, चीज. भांडं आत ठेवून झाकण लावलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मीठ राहिलं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

परागराव आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. अप्पांच्या पाया पडले, उदयच्या पाठीवर थाप मारली, मला म्हणाले, वहिनी, तुम्ही बारीक झालात. माणूस देखणा, इस्त्रीतला. शलाकाला त्यांनी "कशी आहेस?" विचारलं तेही इतक्या हळू आवाजात, की अप्पांनी माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावली. मी भजी तळायला आत गेले. शलाका माझ्या मागेच आत आली आणि कुकरसमोर उभी राहिली. झाकण उघडायचं नाही, नाहीतर आतली धग जाईल, असं मी दोनदा सांगितलं. ती वास घेत होती. जळलं तर नाही ना? कच्चं तर नाही ना? मी तिचा हात धरला तर तो गारठलेला. गॅससमोर उभ्या असलेल्या माणसाचा हात.

पानं घ्यायला आणि लाइट यायला एकच गाठ पडली. सगळे टेबलाभोवती बसले. अप्पा मधोमध, एका बाजूला उदय, दुसऱ्या बाजूला परागराव. शलाका वाढायला उभी राहिली. भांडं टेबलावर आलं तेव्हा खरंच सुरेख दिसत होतं. चीज वितळून सोनेरी झालं होतं, कडेनं टोमॅटोचा लाल रस उकळ्या घेत होता. परागराव म्हणाले, वा. शलाकानं सुरीनं चौकोन कापले आणि पहिला अप्पांच्या पानात वाढला. थर एकावर एक नीट उभे होते. मला इतका आनंद झाला, की पानात मीठ वाढायला आज घरात मीठच नाही, हे मी हसत हसत सांगून टाकलं. सगळं कुकरच्या बुडाशी आहे, म्हटलं, हवं तर चमचाभर काढून आणते.

शलाकाचा चेहरा पांढरा पडला. तिला तेव्हाच कळलं. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मलाही.

अप्पांनी पहिला घास घेतला. चावला, गिळला. मला वाटलं, चीज खारट असतं, निभावलं. मग परागरावांनी घास घेतला. वरचं चीज तेवढं खारट, खाली सगळं अळणी. त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी मान वर करून शलाकाकडे पाहिलं आणि हसले.

"शलाका," ते म्हणाले, अगदी त्याच हळू आवाजात, "मीठ?"

एवढंच. ताटाची कड त्यांनी बोटानं किंचित पुढे सरकवली आणि उजवा हात उचलला. तो हात पाण्याच्या तांब्याकडे चालला होता. मी शपथेवर सांगते, दुसरं काही नव्हतं.

पण शलाका मागे झाली. हातातली सुरी खाली पडली. दोन्ही हात तोंडापुढे, डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात, आणि तोंडानं भराभर, "चुकलं, चुकलं, परत नाही होणार, आत्ता दुसरं करते, चुकलं." पाठ केलेलं म्हणावं तसं. शब्द अडखळत नव्हते. कितीतरी वेळा म्हटल्याशिवाय कुणाला ते तसं म्हणता येणार नाही.

परागरावांचा हात तांब्यावर तसाच राहिला. शलाकानं डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत हे बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हात खाली घेतले, पदर सारखा केला, सुरी उचलली. "तेल सांडलंय वाटतं, पाय सरकला," असं काहीतरी म्हणाली.

मी तिच्याकडे धावले. उदय उठला. अप्पांनी डावा हात वर करून त्याला खाली बसवलं. ते शलाकाकडे बघत होते. कोर्टात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

परागराव सावरले. खुर्ची मागे सारून हसल्यासारखं करत म्हणाले, "अप्पा, तिला घाबरायची सवयच आहे हो. जरा काही झालं की अशी करते. घरातलीच गोष्ट आहे."

"सवय," अप्पा म्हणाले.

"हो ना."

"सवय अशी एका दिवसात लागत नाही, परागराव."

मग त्यांनी पानातला दुसरा घास उचलला. मी आत जाऊन कुकरमधलं मीठ वाटीत काढून आणलं. भाजून पिवळं झालं होतं, हाताला चटका बसत होता. वाटी अप्पांच्या पानाशी ठेवली तर त्यांनी ती बाजूला केली. अळणी पदार्थ ते एक एक घास करून खात राहिले, सावकाश, शेवटच्या थरापर्यंत. आम्ही सगळे बघत होतो. पान स्वच्छ झालं.

"शलाका," ते म्हणाले, "आणखी एक वाढ. छान झालंय."

तिनं वाढलं. चौकोन पानात आडवा पडला. अप्पांनी तो बोटांनी सरळ केला आणि तोही खाल्ला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

जेवण संपलं तेव्हा त्यांनी हात धुतले नाहीत, तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "परागराव, सकाळची गाडी तुमच्या एकट्यापुरती बघा. शलाका इथं राहील. किती दिवस, ते ती ठरवेल. बाकी बोलायचं ते वकिलासमोर बोलू."

परागरावांनी पुष्कळ बोलून पाहिलं. आवाज आधी गोड होता, मग तो गोड राहिला नाही. शेवटी उदय त्यांना स्टँडजवळच्या लॉजवर सोडून आला.

तो परत येईपर्यंत आम्ही तिघं टेबलाशीच होतो. पानं वाळली होती. उदयनं आल्या आल्या, बिचाऱ्याला काही सुचेना म्हणून, रीत पुढे चालवली. मी चहा सोडतो, म्हणाला. मी साखर म्हटलं. शलाका पानं एकात एक ठेवत होती. अप्पा शेवटी म्हणाले.

"मी मीठ सोडलं. आजपासूनच."

मी चमकून बघितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, चार महिने अळणी कसा खाणार? उदय म्हणाला, अप्पा, डॉक्टरांना विचारून तरी. अप्पा म्हणाले, विचार. आणि शलाकाकडे बघून म्हणाले, "माझा स्वयंपाक तू करायचास. तुझ्या वहिनीला त्यात लक्ष घालायला लावू नकोस."

कारण त्यांनी सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही. संक्रांतीला तिला गाडीत बसवून दिल्याचं आमच्या घरात कुणी काढलं नाही. डॉक्टर हसून म्हणाले, तुमच्या रक्तदाबाला बरंच आहे. अप्पांची अळणी आमटी, अळणी भाजी, अळणी भात शलाका रोज करायची. पहिले काही दिवस ती पान वाढून अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहायची, तो घास गिळेपर्यंत. अप्पा घास गिळून म्हणायचे, छान. दुसऱ्या दिवशी पुन्हा छान. मिठावरून चुकायला त्या पानात जागाच नव्हती. भाद्रपदात कधीतरी माझ्या लक्षात आलं, की ती वाढून झाल्यावर उभी न राहता ओटा पुसायला लागली आहे. नवरात्रात ती आमटी ढवळताना गुणगुणत होती.

कार्तिकी एकादशी झाली. बारशीला अप्पा नेम सोडणार होते. सकाळी शलाकानं तुरीची आमटी केली, चिंच-गुळाची, तिच्या लग्नाआधीची. उकळी आली तशी मी सवयीनं मिठाच्या बरणीकडे हात नेला. तिनं ती माझ्या आधी उचलली.

अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

शलाकानं चिमटीत मीठ घेतलं, आमटीत टाकलं, ढवळलं. मग थांबली. अप्पांकडे बघितलं. या घरात ओट्याशी कुणी कधी चव घेतली नव्हती. सासूबाईंचा फोटो समोरच भिंतीवर होता.

"बघ की," अप्पा म्हणाले. "मला सांग, कसं झालंय."

तिनं पळीतला थेंब तळहातावर घेतला, चाटला, जिभेवर घोळवला.

"कमी आहे," ती म्हणाली, आणि आणखी चिमूटभर टाकलं.